नाही असल्यास दोन दाबा

चिंतामणी रानात जायला तयार होईनात, म्हणून यंदा रानच त्यांच्या घरी आलं.

एरवी जानेवारीतला हुरडा मंद्रूपच्या शेतावर व्हायचा. थोरल्या भावाच्या, हिंदुरावांच्या, बांधावर आगटी पेटायची आणि सोलापूरची माणसं तिथं जाऊन काळ्या हातांनी परत यायची. यंदा चिंतामणींनी फोनवर सांगून टाकलं, "दादा, तुझ्या रानात रेंज नाही. लीला तिकडं परमुलखात. कार्डाचे मेसेज माझ्या फोनवर येतात. मी जागचा हलणार नाही."  हिंदुराव पलीकडून नुसतं "बरं," म्हणाले आणि रविवारी दुपारी टेम्पो घेऊन जुळे सोलापुरात हजर झाले. टेम्पोत गूळभेंडीची कणसं, पोतंभर गोवऱ्या, गच्ची तापू नये म्हणून खाली पसरायला चार पाट्या माती आणि बायको बजाबाई.

"रेंज हाय न्हवं हितं?" जिना चढताना ते म्हणाले. "मग खा आता."

गच्चीवर मातीचा थर टाकून आगटी लागली. धूर असा उठला की दोन गल्ल्यांपलीकडच्या माणसांनी वाळत घातलेले कपडे काढून घेतले. शेजारच्या शिवम्मा भांडायला म्हणून वर आल्या, "ए मास्तर, घर जाळताव काय?" आणि पदरात दोन मुठी हुरडा बांधून, भांडायचं विसरून खाली गेल्या.

चिंतामणी सुखात होते. मुलगा अनिमेष कणसं भाजत होता, सून अपेक्षा शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही मांडून बसली होती, आणि त्यांच्यासमोर, पाटावर स्वच्छ रुमाल अंथरून, देव ठेवावा तसा फोन ठेवलेला होता.

त्या फोनला देवपण आलं होतं ते नोव्हेंबरात. लीलाबाई लेकीकडे, इंद्रायणीकडे, कोपनहेगनला गेल्या तेव्हा चिंतामणींनी आपल्या खात्यावरचं दुसरं क्रेडिट कार्ड बायकोच्या नावानं काढून तिच्या पर्समध्ये स्वतः ठेवलं होतं. वडिलांनी घालून दिलेला दंडक होता: लेकीच्या घरचं फुकटचं घ्यायचं नाही. वडील तर लेकीच्या गावातून जातानाही पाणी बरोबर बांधून न्यायचे. चिंतामणी सुधारलेले. त्यांनी जेवायची मुभा दिली होती. पण भाजी, दूध, बसचं तिकीट, नातवाला खाऊ, जे काही दारात येईल ते लीलाबाईंनी सोलापूरच्या कार्डावर घ्यायचं. जावयाच्या खिशाला हात लागता कामा नये. आणि कार्ड पुढं करायच्या आधी एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे मेसेज आला की इकडे कुणी दचकणार नाही.

चिंतामणींनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सगळं जग खडूनं काढलं, स्वतः मात्र विजापूरच्या पलीकडे गेले नाहीत. आता मिस्ड कॉल आला की ते डोळे मिटायचे आणि मेसेज आला की उघडायचे. दुकानाच्या नावावरून बायको डेन्मार्कच्या कुठल्या रस्त्यावर उभी असेल ते घरादाराला सांगायचे. "आता बेकरीत आहे. बाहेर पडली की डाव्या हाताला पूल लागेल तिला." हे त्यांना कसं कळायचं ते कुणी विचारत नसे. विचारलं तर ते तो पूल बांधल्याचीही हकिगत सांगायचे.

"भावजी, फोन खायचाय का हुरडा?" बजाबाईंनी तळहातावर चोळलेली, फुंकर मारलेली हिरवीगार मूठ त्यांच्यापुढे केली. "थंड हुतोय की."

त्यांनी मूठ तोंडात टाकली आणि तेवढ्यात फोन वाजला.

मिस्ड कॉल नव्हता. मेसेजही नव्हता. सरळ घंटी, आणि पडद्यावर अनोळखी नंबर. चिंतामणींचे दोन्ही हात राखेनं काळे. अपेक्षानं करंगळीनं फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार," एक बाई अगदी सावकाश बोलल्या. तोंडात गुळाचा खडा धरून बोलावं तशा. "आपल्या बँकेकडून हा स्वयंचलित कॉल आहे. आपल्या कार्डावर परदेशात एक व्यवहार होत आहे." पुढे दुकानाचं लांबलचक नाव त्या बाईंनी अडखळत उच्चारलं. "हा व्यवहार आपला असल्यास एक दाबा. नाही असल्यास दोन दाबा."

"कोन म्हनायची ही?" हिंदुराव पुढे सरकले.

"मशीन आहे, आप्पा," अनिमेष म्हणाला. त्यानं एव्हाना आपल्या फोनवर दुकानाचं नाव शोधलं होतं आणि त्याचं तोंड वाकडं झालं होतं. "बाबा, हे पोहायच्या कपड्यांचं दुकान आहे. समुद्राच्या काठावर."

 चिंतामणी हसले. पोटापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"पोहायचे कपडे! जानेवारीत! छप्पन्न अंश उत्तर अक्षांशावर!" ते म्हणाले. "अरे, जी बाई सोलापुरात मे महिन्यात दोन बादल्या कढत पाण्यानं अंघोळ करते ती? झालं, कार्ड चोरलं कुणीतरी. मिस्ड कॉलसुद्धा नाही आला."

"हा व्यवहार आपला असल्यास एक दाबा," बाई म्हणाल्या.

"हेच मी रोज ग्रुपवर सांगत असतो," अनिमेष म्हणाला. "हल्ली एका क्षणात कार्डाची नक्कल होते. बाबा, दोन दाबा."

"एक दाबा, बाबा," अपेक्षा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती दह्याच्या भांड्यात पाहत होती.

"का गं?"

"असंच. आईंनी काहीतरी घेतलं असेल."

"पोहायचा पोशाख?"

"म्हणजे... तिथं टॉवेलबिवेलही मिळत असतील की."

"येक दाबा, भावजी," बजाबाईंनीही पुस्ती जोडली. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात कसलंसं हसू दबा धरून बसलं होतं. "लीलीचंच आसंल."

"तू गप," हिंदुराव एवढ्या जोरात म्हणाले की हातातलं कणीस आगटीत पडलं. "चिंत्या, पोरगं बराबर सांगतंय. दोन दाब. लीला आन् पवायला? आरं, आपल्या घरात पवनारा मानूस येकच हाय. ती चंद्री म्हस हिरीत पडली तवा..."

चंद्री म्हशीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. हिंदुरावांनी भर विहिरीत उडी टाकून म्हशीला दोर बांधला होता. दरवर्षी ती विहीर हातभर खोल व्हायची. मागच्या दिवाळीत तर तळाशी मगर निघता निघता राहिली होती.

"आत्ता म्हैस नको, दादा," चिंतामणी म्हणाले.

"नाही असल्यास दोन दाबा," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर जराही चढला नव्हता. चिंतामणींना त्यातल्या त्यात त्याच समजूतदार वाटल्या.

त्यांनी धोतराच्या सोग्याला बोट पुसलं. चाळीस वर्षांचा संसार. बायको चहात साखर किती घेते, कुठल्या कुशीवर झोपते, खोटं बोलताना कुठला कान चोळते, सगळं त्यांना ठाऊक होतं. लीलानं स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि हे आपल्या संसाराचं भूषण आहे असं ते चारचौघांत सांगत.

"माझी बायको मला माहीत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी दोन दाबलं.

"धन्यवाद," बाई म्हणाल्या. "सुरक्षिततेसाठी आपलं कार्ड कायमचं बंद करण्यात आलं आहे. नवं कार्ड आपल्या पत्त्यावर पाठवलं जाईल."

अपेक्षाच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

हिंदुरावांनी भावाच्या पाठीवर काळ्या पंजाचा शिक्का मारला. "वाचलास. खा आता निवांत." आणि चिंतामणी खरोखरच निवांत खायला लागले. गुळाचा खडा, त्यावर हुरडा, त्यावर चटणी. सातासमुद्रापलीकडच्या चोराला गच्चीवर बसल्या बसल्या पकडल्याचं सुख वेगळंच असतं. पोलिसांत तक्रार इथं करायची की डेन्मार्कला, यावर अनिमेषशी त्यांची चर्चा रंगात आली, आणि तेवढ्यात इंद्रायणीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, कार्डाला काय झालंय हो? चालतच नाहीये."

पडद्यावर इंद्रायणीचा लाल झालेला नाकाचा शेंडा होता, आणि तिच्या खांद्यामागे, दुकानाच्या काउंटरपाशी, लोकरीच्या टोपीत आणि नऊवारीवर चढवलेल्या जावयाच्या जाकिटात लीलाबाई उभ्या होत्या. काउंटरवर काळ्या रंगाचं काहीतरी घडी करून ठेवलेलं होतं. त्यांच्यामागे माणसांची रांग. कुणी काही बोलत नव्हतं, पण गप्प रांग बोलणाऱ्या रांगेपेक्षा जड असते.

"चोरी झालीय, बाळा," चिंतामणी घाईनं म्हणाले. "कुणीतरी आईच्या कार्डावर पोहायचा..." आणि त्यांचं लक्ष पुन्हा त्या काळ्या घडीकडे गेलं.

लीलाबाईंनी लेकीच्या हातातून फोन घेतला.

"बँकेनं तुम्हाला विचारलं?"

"हो."

"आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"अगं, मला वाटलं, तू कशी असशील! मिस्ड कॉल नाही, काही नाही..."

"मिस्ड कॉल दिला असता तर तुम्ही विचारलं असतं काय घेतेस. मग मी काय सांगितलं असतं? या वयात?" लीलाबाईंचा आवाज खाली गेला. "इथं माझ्याएवढ्या बायका पोहतात हो. रोज. मी महिनाभर काठावर बसून नुसतं बघतेय. आज म्हटलं, आपण पण."

"पण लीला, तुला पोहता कुठं येतं?"

"बाबा, येतं त्यांना!" अपेक्षाला आता राहवेना. "मला सांगितलं होतं त्यांनी. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या, म्हणून... अकलूजच्या कालव्यात पोहायच्या त्या लहानपणी. भावांच्या पुढं जायच्या."

"आन् लग्नानंतरबी," बजाबाई म्हणाल्या. त्यांनी हात झटकले, पदर सारखा केला, आणि नवऱ्याकडे न बघता दिराकडे वळल्या. "चंद्री म्हस पडली तवा हे कुटं हुते ठावं हाय का? बाजारात. तुमी बी.एड.ला. हिरीवर आमी दोघी जावा आन् आत्याबाई. लीलीनं कासोटा घातला आन् धाडदिशी उडी. म्हशीला दोर तिनं बांधला. वर आली तवा आत्याबाईंनी दोघींना शपथ घातली. नवी सून हिरीत उड्या मारती म्हनलं तर गाव काय म्हनल! मग यांचं नाव पुढं केलं."

सगळ्यांच्या नजरा हिंदुरावांवर. त्यांनी आगटीतलं कणीस लाकडानं उकरून काढलं, त्यावरची राख मन लावून झाडली.

"दोर माजा हुता," ते म्हणाले.

"व्हय, दोर त्यांचाच हुता," बजाबाईंनी मान्य केलं.

चिंतामणींना हसू आलं नाही. भूगोलाच्या तासाला नकाशा उलटा टांगला जावा आणि अख्ख्या वर्गाला ते आधीच दिसलेलं असावं, तसं त्यांना झालं. घरातली सून, वहिनी, एवढंच काय, ती मेलेली म्हैससुद्धा त्यांच्या बायकोला त्यांच्यापेक्षा जास्त ओळखत होती.

"थांब, मी बँकेला फोन लावतो," ते म्हणाले. "चूक झाली म्हणतो. चालू करतील."

"नाही करत, बाबा," अनिमेष पडलेल्या आवाजात म्हणाला. "एकदा चोरी म्हटलं की ते कार्ड संपलं. नवं येणार, तेही इथं सोलापूरला."

काउंटरवरची मुलगी काहीतरी विचारत होती. लीलाबाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली, काळी घडी हलक्या हातानं पुढे सरकवली. परत द्यायला.

"आई, असं काय करतेस? मी देते ना!" इंद्रायणीचा आवाज आला.

"नको गं. तुला माहितीये ना आपल्याकडचं."

"माहितीये!" इंद्रायणीनं फोन परत स्वतःकडे ओढला. तिचा चेहरा आता पडदाभर झाला. "बाबा, दोन महिने झाले. माझ्या घरात येणारी कोथिंबीरसुद्धा आई त्या कार्डावर घेते. मी बसमध्ये बरोबर असले तरी स्वतःचं तिकीट स्वतः काढते. परवा मी तिला एक कप चहा घेतला तर तिनं मला संध्याकाळी फुलं आणून दिली, फिटंफाट. मी नोकरी करते बाबा, माझे पैसे आहेत. तुम्ही मला शिकवलंत कशासाठी? माझी आई माझ्या घरात लॉजवर उतरल्यासारखी राहतेय."

 चिंतामणींनी वर पाहिलं तर हिंदुराव त्यांच्याकडेच रोखून बघत होते. थोरला भाऊ आता वडिलांसारखा दिसायला लागला होता, हे त्यांच्या आजच ध्यानात आलं.

"चिंत्या," हिंदुराव म्हणाले, "लेकीचा पैसा आपल्या घरात कुनी घेतला न्हाय. बापानं न्हाय, म्या न्हाय. पवायचं काय, नवं कार्ड आलं की पवंल."

"तोवर माझं परतीचं विमान येईल, दादा," पडद्यातून लीलाबाई म्हणाल्या. तक्रार अशी नव्हती. नुसतं सांगितलं.

"म्या न्हाय?" बजाबाई बोलल्या. "बरं. मग आंगातला स्वेटर काढा."

"कशापायी?"

"आपल्या पायलनं धाडलाय त्यो. पुण्यावनं. मी मंगळवारच्या बाजारातनं आनला म्हनले, तुमी घातला. मागल्या साली घोंगडी, ती पन तिचीच. चप्पल बी. काढा, काढा सगळं. लेकीचं न्हाय घेत न्हवं आपन?"

हिंदुरावांनी छातीवरचा निळा स्वेटर असा पाहिला की जणू तो आत्ताच कुठून तरी येऊन त्यांच्या अंगाला चिकटला होता. वारं सुटलं होतं. ऊन गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरत होतं. त्यांनी एक बटण सोडलं, थोडा विचार केला आणि परत लावलं.

"लोकर चांगली हाय," ते पुटपुटले. "पोरीला पारख हाय."

चिंतामणींनी फोन जवळ घेतला.  

"इंद्रायणी."

"हं."

"आईला ते काळं आहे ना, ते तू घेऊन दे. तुझ्या पैशानं. आणि एकच नको. पोहताना लागतं ते सगळं घे. टोपी, टॉवेल, काय असेल ते. आणि..." त्यांना पुढचं जड गेलं. "उद्यापासून तुझ्या आईचं काय ते तूच बघ. मला काही कळवू नका."

 फोन एकदम हलला, दुकानाचं छत दिसलं, कुणाच्या तरी बुटांचे शेंडे दिसले. मग यंत्राचा एक छोटासा 'टिंग' ऐकू आला आणि रांगेतून कुणीतरी हसल्याचा आवाज. लीलाबाईंनी तिथल्या तिथं लेकीची अलाबला काढून कडाकडा बोटं मोडली असं अपेक्षा पुढे कित्येक दिवस सांगत होती. डेन्मार्कातल्या त्या रांगेला तो काय प्रकार वाटला असेल, देव जाणे.

समुद्र दुकानाच्या दारातच होता. अर्ध्या तासानं परत कॉल आला तेव्हा सगळे फोनभोवती असे दाटले की बजाबाईंचं डोकं हिंदुरावांच्या बगलेतून बाहेर आलं होतं.

लाकडी धक्का. करडं पाणी, काठाला बर्फाची पातळ साय. इंद्रायणीनं फोन बाकावर उभा करून ठेवला होता. लीलाबाई काळ्या पोशाखात, डोक्याला टोपी, अंगाभोवती टॉवेल घट्ट आवळून उभ्या होत्या. चिंतामणींनी आपल्या बायकोचे गुडघे उजेडात पहिल्यांदाच पाहिले. संकोचानं त्यांनी नजर खाली केली आणि लगेच वर केली.

"लीला, पाणी शून्याच्या आसपास असेल," ते ओरडले. "हळूहळू उतर! शिडीनं!"

लीलाबाईंनी टॉवेल लेकीच्या अंगावर फेकला, धक्क्याच्या टोकाशी गेल्या आणि कालव्यात मारावी तशी पाय पोटाशी घेऊन धप्पकन उडी मारली. पाणी एवढं उडालं की गच्चीवर अनिमेष मागं सरकला.

एक क्षण गेला. दुसरा गेला. 

मग टोपी वर आली, तिच्याखाली चेहरा आला, आणि लीलाबाई हात मारत निघाल्या. घाई नाही, धडपड नाही. तव्यावर भाकरी फिरवावी तसं अंगाखालून पाणी फिरवत त्या पार लांबच्या एका लाल खांबापर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या. बजाबाई "लीले! लीले गं!" म्हणून ओरडत होत्या. हिंदुराव हळूच कुणाला तरी सांगत होते, "वळायची ढब बघा. म्याच दावली हुती," पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

लीलाबाई शिडी चढून वर आल्या. अंगातून वाफा निघत होत्या, गाल टोमॅटोसारखे झाले होते. इंद्रायणीनं त्यांना नव्या टॉवेलात गुंडाळलं आणि तसंच मिठीत धरून ठेवलं.

"अहो," लीलाबाई दातांचा कडकडाट करत फोनकडे बघून म्हणाल्या, "बँकेला सांगा, मीच होते."

"सांगतो," चिंतामणी म्हणाले.

"आणि इंदू, चहा पाज गं मला. मोठा कप. त्याच्याबरोबर तो दालचिनीचा गोड पावही घे, रोज काचेतून बघते मी तो. दोन घे."

"घेते की!" इंद्रायणी म्हणाली, आणि रडत होती की हसत होती ते कळायच्या आत आईला ओढत पळाली. धावताना तिचा धक्का बाकाला लागला आणि फोन उताणा पडला.

फोन बाकावरच राहिला. पडद्यावर आता नुसतं आभाळ दिसत होतं, पांढुरकं, खाली आलेलं, मधूनच एखादा पक्षी तिरका जाणारा. दूर कुठं तरी मायलेकींचं हसणं ऐकू येत होतं.

"कट करू का, बाबा?" अनिमेषनं विचारलं.

"राहू दे," चिंतामणी म्हणाले. त्यांनी अपेक्षाच्या हातातलं कणीस घेतलं, चोळलं, फुंकर मारली आणि पहिली मूठ वहिनींच्या हातावर ठेवली. मग पाठ भिंतीला टेकवून ते डेन्मार्कचं आभाळ बघत बसले.